उजवा हात ठरलेला नाही

तीन आठवड्यांपूर्वी तिच्या नवऱ्याचा डावा खांदा निखळला, असं ठरलं. मंगळवारच्या बैठकीत ठरलं आणि शनिवारी दुपारच्या कुस्तीच्या शोमध्ये चारशे माणसांदेखत तो निखळला. निखळवणाऱ्याचं नाव रोडरोलर. हा एकशेवीस किलोचा गृहस्थ एरवी शाळेची बस चालवायचा. दुसऱ्या दिवशी त्यानेच फोन करून विचारलं, वहिनी, त्याला कुठे लागलं तर नाही ना? नाही लागलं, असं ती म्हणाली. तेव्हा तिला तसंच वाटत होतं.

तेव्हापासून नवरा घराबाहेर पडताना डावा हात झोळीत अडकवायचा. लिफ्टमध्ये झोळी, वाण्याकडे झोळी, ढब्बूला लस टोचायला नेलं तेव्हाही झोळी. ढब्बू म्हणजे त्यांची आठ महिन्यांची मुलगी. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी त्याला चोळायला तेलाची बाटली दिली, तीही त्याने कण्हत घेतली. दाराच्या आत आला की झोळी खुंटीवर, ढब्बूच्या टोपीशेजारी.

लग्नाआधी, म्हणजे गाठीभेटी चालू होत्या तेव्हाच, त्याने तिला धंद्यातले शब्द शिकवले होते. ठरवून केलेलं ते 'वर्क'. खरोखरचं ते 'शूट'. दुखत नसलेलं दुखतंय असं लोकांच्या गळी उतरवायचं म्हणजे 'सेल' करायचं. हे सगळं ज्याला ठाऊक तो 'स्मार्ट', उरलेले 'मार्क'. "तुझे बाबा मार्क आहेत," असं त्याने तेव्हाच बजावलं होतं. बाबा अजूनही दर सोमवारी फोन करून जावयाच्या हाडांची चौकशी करायचे आणि ती गंभीर आवाजात सांगायची, आता उतार आहे.

आणखी एक गोष्ट होती, ती न बोलता चालायची. कुणी जोरात आपटला की पंच वाकून त्याचा हात धरतो आणि हळूच दाबतो. ठीक असलास तर उलट दोनदा दाबायचं. याला 'विचारणं' म्हणत. प्रेक्षकांना हे दिसत नाही, म्हणून ते तेवढं शुद्ध राहिलं होतं. बाकी सगळं वापरून झालं होतं. पंचाने डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली म्हणजे खरंच लागलंय, थांबवा, ही खूणसुद्धा विधात्याने दोनदा कथेत घालून तिचा पार चोथा केला होता. विधाता म्हणजे कोण जिंकणार आणि कोण हरणार हे वहीत लिहिणारा माणूस. त्याला सगळे तोंडावरही विधाताच म्हणत आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे.

ढब्बूच्या वेळी प्रसूतिगृहात नवऱ्याने तिचा हात विचारला होता. तिने दोनदा दाबला होता. ती ठीक मुळीच नव्हती, पण त्याचाच चेहरा बघवत नव्हता.

अकरा वर्षं तो हरत आला होता. रिंगमध्ये तो हजेरीमास्तर. काळा कोट, बगलेत हजेरीपुस्तक. सामना सुरू होण्याआधी तो प्रेक्षकांची हजेरी घ्यायचा आणि अख्खा हॉल एका सुरात ओरडायचा, "गैरहजर." लोक आपला मनापासून तिरस्कार करतात, हे तो घरी येऊन समाधानाने सांगायचा. आणि आता, येत्या शनिवारी, विधात्याने त्याच्या नावावर विजेतेपदाचा पट्टा लिहिला होता. रोडरोलर त्याला उलटा उचलून डोक्यावर आपटणार, लोक म्हणणार संपला मास्तर, आणि मग मास्तर उठून जिंकणार. पट्टा लावायला दिवाणखान्यात खिळा कुठे ठोकायचा, यावर त्यांचं एकदा बोलणंही झालं होतं.

तिला संशय आला तो बाटलीमुळे.

ढब्बूच्या दुधाच्या, झोपेच्या, शीच्या वेळा ती एका वहीत लिहायची. डॉक्टरांनी पहिल्या महिन्यापुरतं सांगितलं होतं, तिने आठव्यातही सोडलं नव्हतं. नवरा यावरून तिला चिडवायचा, की रात्री पोरीला उचकी लागली तरी तिची नोंद होते. तर एका बुधवारी दुधाची भरलेली बाटली त्याच्या हातातून सुटली. उजव्या हातातून. ती लादी पुसत होती आणि पुसता पुसता थांबली.

कारण या धंद्यात जे होतं ते डावीकडे होतं. पकड डावी, मुरगळायचा तो डावा हात, लंगडायचं तेही डाव्या पायाने. समोरचा माणूस अनोळखी असला तरी ऐनवेळी घोळ नको म्हणून हा रिवाज. म्हणजे उजवा हात कुठल्याच कथेत नव्हता. विधात्याच्या वहीत त्याचं काही लिहिलेलं नव्हतं. मग तो बाटली का टाकतोय?

तिने वहीत लिहिलं, 'दूध १२० मिली (सांडलं). बाबा, उजवा.' मग ती बघत राहिली. घरात आल्यावर तो ढब्बूला डाव्या हाताने उचलायचा, त्याच निखळलेल्या. झबल्याची बटणं लावायची वेळ आली की त्याला नेमका फोन आठवायचा. किल्ली कुलपात जाईना, तर कुलूप बदलायला झालंय म्हणाला. मान वळवायची असली की तो सगळाच वळायचा, कपाट सरकवावं तसा. पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत उचकी आणि शीच्या अधेमधे त्याच्या आठ नोंदी झाल्या.

तिने सरळ विचारलं. तो म्हणाला, "वर्क आहे गं."

"कुणासाठी? घरात मी आणि ढब्बू."

"सराव."

"उजव्या हाताचा?"

तो ढब्बूकडे बघून म्हणाला, आई बघ कशी, मार्कसारखी बोलते. ढब्बू हसली. ती नेहमीच हसायची, तिचं काही खरं नव्हतं.

डॉक्टरकडे चल म्हटल्यावर तो लगेच तयार झाला आणि तिला हायसं वाटलं. ती ढब्बूला पाजत बाहेर बसली, तेवढ्यात त्याने आत झोळी घालून डॉक्टरांना डावा खांदा दाखवला. डॉक्टरांनी तो चारी दिशांना फिरवून पाहिला आणि खांदा उत्तम आहे असा निर्वाळा दिला. परतताना नवरा म्हणाला, झालं समाधान? शनिवार झाला की तू म्हणशील तिथे येतो.

त्या दुपारी तो अंघोळीला गेल्यावर तिने विधात्याला फोन लावला. ती भराभर बोलली. उजव्या हाताची बोटं काम करत नाहीत, मान वळत नाही, डोक्यावर आपटलं तर काय होईल ते सांगता येत नाही, काहीतरी कायमचं होऊन बसेल. मग विधाता म्हणाला, "वहिनी, कल्पना फार सुंदर आहे. पण डावा ठरलाय. उजवा हात ठरलेला नाही."

ती म्हणाली, भाऊ, ही कल्पना नाही, शूट आहे.

"हाच. हाच आवाज," विधाता म्हणाला. कागद उलटल्याचा आवाज आला. उद्या पहिल्या रांगेत बसाल का, बाळाला घेऊन? त्याला उलटा उचलला की तुम्ही रडायचं. अति नको. मी सगळ्यांना सांगून ठेवतो.

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता ती रडली तरी ते ठरलेलं असेल. ओरडली तर तेही. खरं बोलण्यासाठी या लोकांनी एक शब्द ठेवला होता आणि तो वापरताच तिला भूमिका मिळाली होती.

रोडरोलरला सांगावं असं तिला वाटून गेलं. पण तो घाबरट होता. घाबरलेल्या माणसाच्या हातात नवरा उलटा लटकणार हे चित्र तिला जास्तच वाईट दिसलं.

शनिवारी दुपारी ती ढब्बूला कडेवर घेऊन हॉलच्या मागच्या खोलीत गेली. नवरा दुसऱ्या टोकाला कोट चढवत होता, आधी उजवी बाही, डाव्या हाताने ओढत. इस्त्रीच्या टेबलापाशी पंचकाका आपला पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट इस्त्री करत होते. साठी ओलांडलेला माणूस. आठवडाभर लोकांच्या घरी गीझर बसवायचा आणि शनिवारी पंच व्हायचा. तिला बघून ते म्हणाले, "ये पोरी. तू आज रडणार आहेस म्हणे."

तिने रात्रभर जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं त्या एका वाक्यात वाया गेली. वहीसुद्धा पिशवीतून काढून उपयोग नव्हता. हे लोक वही बघून म्हणाले असते, किती बारकाईने केलंय.

"काका, तुम्ही त्याचा कुठला हात विचारता?"

काकांनी शर्टाची बाही उलटली. मग म्हणाले, डावाच. सगळं डावीकडेच असतं, सवय आहे. झोळीत असला तरी बोटं बाहेर असतात ना.

"आणि तो दाबतो?"

"मस्त दाबतो."

"आज उजवा विचारा."

काकांनी इस्त्री उभी केली. ढब्बूकडे बघितलं, मग तिच्या आईकडे. ती रडत नव्हती, याचाच बहुधा त्यांना अर्थ लागेना. हे लिहिलेलं आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही, ती म्हणाली. त्यांनी कॉलरवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री पुन्हा उचलली.

चार वाजता हजेरीमास्तर आला. हॉल भरला होता, ती ढब्बूला घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. त्याने पुस्तक उघडलं आणि हजेरी घेतली. चारशे गळे 'गैरहजर' म्हणाले. ढब्बूला हे फार आवडलं. मास्तर वेदनेने डावा खांदा चोळत होता, आणि इतका सुरेख चोळत होता, की तिच्या शेजारची बाई हळहळली आणि लगेच म्हणाली, मेलं बरंच झालं.

पहिली दहा मिनिटं ठरल्याप्रमाणे गेली. मग रोडरोलरने त्याला दोरांवर फेकलं, तो उलट येऊन पाठीवर पडला आणि तसाच पडून राहिला. यानंतरच तो उलटा उचलायचा होता. पडद्याआडून विधाता तिच्याकडे बघून मान हलवत होता, आता, आता.

पंचकाका गुडघ्यावर बसले. त्यांचा हात सवयीने झोळीकडे गेला. तिथून तो परत आला आणि त्यांनी उजवा हात धरला.

ती फक्त बोटं बघत होती. काकांच्या अंगठ्याची शीर फुगली, म्हणजे त्यांनी दाबलं. मास्तरची बोटं तशीच राहिली, टेबलावर विसरलेल्या हातमोज्यासारखी. काकांनी परत दाबलं. तेव्हा मास्तरने एक गोष्ट केली, ती त्या हॉलमध्ये दोनच माणसांना कळली. निखळलेला डावा हात त्याने झोळीतून हळूच काढला, छातीवरून पलीकडे नेला, आणि काकांचा हात त्या हाताने दाबला. दोनदा.

काका त्या हाताकडे बघत राहिले. मग उठले आणि त्यांनी डोक्यावर फुली केली.

हॉलने टाळ्या वाजवल्या. फुली त्यांना ठाऊक होती. रोडरोलर मात्र पुरता गांगरला. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो मास्तरवर वाकला, दात विचकून, गळा धरल्यासारखं करून, आणि कानात काहीतरी म्हणाला. नंतर कळलं की तो म्हणाला होता, अरे खरंच का रे? काकांनी हाताच्या खुणेनेच घंटा वाजवायला सांगितलं. घंटा वाजली. पट्टा आदल्या चॅम्पियनकडे, म्हणजे रोडरोलरकडेच राहिला, आणि तो धरून रोडरोलर रडायला लागला. लोकांना वाटलं आनंदाने.

चौघांनी मास्तरला फळीवर घालून नेलं. लोक मागून 'गैरहजर' म्हणत होते.

मागच्या खोलीत विधात्याने तिला गाठलं. "रडायचं होतं, वहिनी," तो म्हणाला. मग त्याने फळीकडे पाहिलं. तिथे काका अजून उजवा हात धरून उभे होते. विधात्याने खालच्या आवाजात विचारलं, यातलं वर्क किती?

"डावा खांदा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरून मानेतले दोन मणके दाखवले. मधली गादी सरकून नस चिमटली होती. डोक्यावर पडला असता तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धंच ठेवलं आणि शस्त्रक्रियेचा दिवस सांगितला. विधाता फळं घेऊन येऊन गेला. नवऱ्याच्या गळ्यातली हनुवटीपर्यंतची जाड कॉलर त्याने नीट निरखली आणि जाता जाता म्हणाला, एवढी मोठी कॉलर लोकांना खरी वाटणार नाही.

नवरा तिच्याशी बोलत नव्हता. छताकडे बघत होता, दुसरीकडे बघायची सोयही नव्हती. ढब्बू त्याच्या पांघरुणावर पालथी पडून कॉलरचा बंद चावत होती.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "अकरा वर्षं."

"हो."

"हाताला पाच आठवडे झाले होते. मला वाटलं, एक शनिवार निघेल."

तिने हिशेब केला. तिच्या नोंदी दीड आठवड्याच्याच होत्या. म्हणजे साडेतीन आठवडे तिच्या नजरेतून सुटले होते, आणि हे तिला सगळ्यात लागलं.

तिने पांघरुणाखाली हात घातला, त्याचा उजवा हात धरला आणि विचारलं. काही झालं नाही. तिने डाव्या हातावर नजर ठेवली होती. तो ढब्बूच्या पाठीवर होता, जागचा हलला नाही. तिने परत विचारलं. या वेळी करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट किंचित आत वळलं. एकदाच. ती थांबली. दुसऱ्यांदा काही आलं नाही.

"दोन हवेत," ती म्हणाली.

"नाहीत," तो म्हणाला. "शूट."

तिने वही काढली. ढब्बूला पाजायची वेळ झालीच होती. सव्वानऊ, दूध १२० मिली, असं तिने लिहिलं, आणि खाली, 'बाबा, उजवा: एक.'