पाठ केलेला तक्ता

गिरगावातल्या मीनाक्षीला चष्म्याचा भारी राग. का नसावा? लग्नाच्या वयात तिला दोन ठिकाणांहून नकार आले आणि दोन्हीकडचा निरोप एकच: मुलगी छान, पण काचा फार जाड. तो सल तिने मनातून कधी जाऊच दिला नाही. म्हणून दुसरीतली तिची लेक वल्लरी टीव्हीला नाक लावून बसायला लागली, तेव्हा बाईने डॉक्टर गाठायचा सोडून गाजराचा रस सुरू केला.

शाळेत दरवर्षी डोळे तपासत. मदतीला गेलेल्या मीनाक्षीने भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो काढला आणि पाढे घोटावेत तसा तो पोरीकडून घोटून घेतला. ई. एफ, पी. टी, ओ, झेड. तीन पिढ्या कचेरीत गेलेलं घर, पाठांतराचं कौतुक फार. दोन वर्षं वल्लरी न अडखळता पास झाली. आईने दोन्ही वेळा पेढे आणले, आता काय म्हणावं या बाईला!

चौथीत असताना एका सकाळी पोर म्हणाली, "आई, डाव्या डोळ्याने अर्धं काळं दिसतंय."

परळच्या इस्पितळात डॉक्टर दीपिकाबाईंनी प्लॅस्टिकचा डोळा उघडून दाखवला. "हा असा गोल हवा. हिचा मागे लांबत गेलाय. त्यामुळे आतला पडदा ताणला, विरला आणि आता फाटून सुटलाय. दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर विरलेली जागा लेझरने पक्की करता आली असती. शाळेत तपासत नाहीत का?"

"तपासतात," मीनाक्षी म्हणाली.

ऑपरेशन झालं. नजर किती परत येईल, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. सहा आठवड्यांनी वल्लरीचा उजवा डोळा झाकून तिला खुर्चीत बसवलं. मागे उभ्या मीनाक्षीने सगळे देव वेठीला धरले. एवढं दिसू दे, जन्मभर जाड काचा लागल्या तरी चालतील.

वल्लरी ताठ बसली आणि कुणी विचारायच्या आत सुरू झाली. "ई. एफ, पी. टी, ओ, झेड..." पार शेवटच्या बारीक ओळीपर्यंत.

मीनाक्षीला रडू फुटलं. देव पावला, असं वाटून तिने समोर पाहिलं. भिंतीवरचा स्क्रीन बंद होता.

"बाळा, मी अजून काही लावलंच नाहीये," दीपिकाबाई हळू म्हणाल्या.

वल्लरी आईला शोधत भलत्याच बाजूला वळली.

"चुकलं का गं, आई? परत म्हणू?"