अच्युतबुवांचा नकार

"मला नको ती गादी. हात जोडून सांगतो, नको," अच्युतबुवा म्हणाले, आणि गौतमपुऱ्याच्या बसस्टँडवर टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या वाजवणारी मंडळी त्यांना शोधत दोन गाड्या भरून इंदूरहून आली होती. सर्वांत पुढे मठाचे विश्वस्त दौलतराव, डोळे पुशीत.

"क्या बात है, बुवाजी! आजवर असा नकार कुणी दिला नाही."

"अहो, मी खरंच नाही म्हणतोय."

"तेच तर! अगदी खरं वाटतंय!"

दोष रिवाजाचा होता. इंदूरच्या राजवाड्यामागच्या त्या लहानशा मठाचे मूळपुरुष गादी नको म्हणून याच गौतमपुऱ्याला पळून आले होते आणि भक्तांनी त्यांना पालखीत घालून परत नेलं होतं. तेव्हापासून होणाऱ्या महंतानं आधी नाही म्हणायचं, कुठेतरी लपायचं आणि सापडायचं, अशी रीत पडली. पुढे रीत बरीच सोयीची झाली. मागचे महंत कोठीघरात लपले ते टेबलफॅन लावून, आणि शोधायला उशीर होतोय म्हटल्यावर त्यांनीच आतून खोकून पत्ता कळवला. अच्युतबुवा मात्र सकाळी उठून खरोखरच पळाले होते. मुहूर्त टळला की दुसरा कुणी बसेल, संध्याकाळी आपण परत जाऊ, असा साधा हिशेब. चुकलं एवढंच, की इंदूरच्या स्टँडवर पहिली बस गौतमपुऱ्याची लागली होती.

"मूळपुरुषांचंच पाऊल!" म्हणत त्यांना गाडीत कोंबण्यात आलं. त्यांच्या हातातला पोह्यांचा द्रोण कुणीतरी प्रसाद म्हणून पळवला.

"दौलतराव, वामनबुवांना कोण भरवणार?" गाडी सुरू झाल्यावर त्यांनी विचारलं.

वामनबुवा म्हणजे मठातले सर्वांत वयस्कर. घरातून निघून आलेल्या अच्युताला त्यांनीच मठात ठेवून घेतलं, पोथी वाचायला शिकवली, भाकरी थापायलाही. आता अर्धांगवायूनं ते खाटेला खिळले होते आणि अच्युतबुवांचा दिवस त्या खाटेभोवती फिरत होता. महंताला मात्र कुणाची अंगसेवा करायची मनाई. त्यानं ती फक्त घ्यायची.

"टेन्शन नका घेऊ, नर्स ठेवू."

"तिच्या हातचं खाणार नाहीत. त्यांना शिव्या द्याव्या लागतात. मग तोंड उघडतात."

गाडी चालवणारा धनेश मागे वळला. "शिव्या ना? मी देतो, बुवाजी. अपने इंदूर में क्या कमी है?"

"तुझ्या शिव्यांनी रडतील ते."

"मग मीच महंत होतो आणि मीच भरवतो," दौलतरावांकडे वळून अच्युतबुवा म्हणाले.

"राम राम! गादीवरच्या माणसानं खरकटं काढायचं? लोग क्या कहेंगे?"

"तर मग दुसरा बघा. पाया पडतो तुमच्या."

दौलतरावांना हुंदका आला. "धनेश, हे रेकॉर्ड झालं का रे?"

"नाही ना भिया, गाडी चालवतोय. बुवाजी, उतरल्यावर एकदा परत बोलाल?"

मठात गुरुजींनी मुहूर्त सरकवून ठेवला होता. बुवांना न्हाऊ घातलं, भगवी शाल पांघरली, गादीवर बसवलं. मग पहिलं दर्शन. ते मठातल्या सर्वांत ज्येष्ठानं घ्यायचं असतं, हे त्या गडबडीत बुवा विसरूनच गेले होते. प्लास्टिकच्या खुर्चीत घालून दोघांनी वामनबुवांना आणलं, आणि ते वाकू शकत नाहीत म्हणून मागून त्यांचं डोकं धरून अच्युतबुवांच्या पायांवर टेकवलं.

अच्युतबुवा ताडकन उठू लागले. दौलतरावांनी खांदे दाबले. "बसा, बुवाजी! उठलात तर सगळा विधी पहिल्यापासून."

डोकं वर आलं. वामनबुवांच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. अच्युतबुवांनी शालीचा पदर घेतला आणि त्यांची हनुवटी पुसली.

सभामंडपातल्या माना गुरुजींकडे वळल्या. गुरुजींनी पोथी चाळली, असं काही त्यांना सापडेना. तेवढ्यात दौलतराव गहिवरून ओरडले, "महाराजांची कृपा! सगळ्यांना मिळेल, लाईन लावा!"

रांगेत पहिले सियागंजातले जिऱ्याचे व्यापारी यशवर्धन होते. त्यांनी डोळे मिटून हनुवटी पुढे केली. त्यांच्यामागे पार दारापर्यंत हनुवट्या वर झाल्या: दाढीच्या, गुळगुळीत, एक तान्ह्या बाळाचीही.

खुर्ची मागच्या दारानं चालली होती. दोघे उचलणारे घाईत होते. वामनबुवांची मान एका अंगाला कलंडली होती, आणि तिच्याखाली हात द्यायला हवा होता.

"महाराज," दौलतराव कानाशी कुजबुजले, "लोक खोळंबलेत."

अच्युतबुवांनी समोरची हनुवटी पुसली.