केतनची लाल बिअर

केतनने ग्लास उन्हात धरला आणि थळच्या घराच्या गच्चीवर जमलेली सगळी भावकी बघतच राहिली. घरी केलेली बिअर, पण रंग कसा माणकासारखा लाल! धनेशचा नुसता जळफळाट झाला.

या चुलतभावाला बिअर करायला शिकवलं कोणी? त्यानेच. लाल रंगासाठी वर्षभर मेहनत घेतली कोणी? त्यानेच. बीट किसून घातलं, तर आठवड्याभरात रंग उडाला आणि गढूळ पाणी उरलं. कोकमं घातली, तर बिअर तोंड वाकडं होईल इतकी आंबट झाली. आणि या दीडशहाण्याला पहिल्याच खेपेला जमलं!

"बाजारचा रंग घातलास ना रे?" धनेशने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"रंग न्हाय, दादा. मूठभर जव तव्यावर काळे होईस्तोवर भाजले नि उकळताना शेवटी टाकले. जास्त टाकले तर बिअर काळी होते, थोडेच टाकले की लाल."

"हे तुला कोणी सांगितलं?"

केतनने चुलीपाशी मासे तळत बसलेल्या हेमालीकडे, धनेशच्याच बायकोकडे बोट केलं. "वहिनीनं."

"तुम्हाला तीनदा सांगितलं होतं," मान वर न करता हेमाली म्हणाली. "तुम्ही म्हणालात, हा काय तुझा मसाला हाय भाजायला?"

सगळे खदखदून हसले. केतनने पहिला ग्लास वहिनीच्या हातात दिला. तिने घोट घेतला आणि पसंतीने मान डोलावली.

वर्षभरात धनेशने तिला एकदाही चव बघायला दिली नव्हती.