सावरखेडीची शांत मुलं

सावरखेडीच्या शिवारात कापूसवेचणीच्या दिवसांत एकच मूल रडायचं, आणि ते जमुनाचं होतं. बाकीची मुलं धुऱ्यावर, शेताच्या कडेला, बाभळीच्या नाहीतर तुरीच्या सावलीत, लुगड्याच्या झोळीत निजून असायची. सकाळी निघताना त्यांच्या आया त्यांना बाळगोळी चाटवायच्या. बाळगोळीत अफू असते हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी ते लपवतही नव्हतं. अफू तेल्हाऱ्याच्या सरकारी ठेक्यावर मिळे, गोळ्या गावची सुईण तानुबाई वळी, आणि दिवसभर पऱ्हाटीत वाकणाऱ्या बाईने तान्ह्या पोराचं दुसरं काय करावं हे कोणालाच सुचलेलं नव्हतं.

जमुनाही आधी देत होती. दोन वर्षांपूर्वी तिचा पहिला मुलगा असाच झोळीत निजला आणि उठला नाही. तानुबाई म्हणाली, दृष्ट लागली. सासू पार्वताबाई म्हणाली, आयुष्यच तेवढं घेऊन आला होता. पण दुसरा मुलगा किसना झाल्यावर जमुनाने गोळी घरात येऊ दिली नाही.

म्हणून किसना रडायचा. तो रडला की जमुना ओटीतला कापूस सावरत धुऱ्याकडे पळायची आणि तिची ओळ मागे राहायची.

"जमुने, कापूस वेचाले आली का पोट्टं नाचवाले?" खुशाल मुकादम बांधावरून ओरडे.

"भुकेजलं असन ते."

"सगळ्यायचेच भुकेजतात. बाकीच्यायचे कावून नाई बोंबलत?"

कावून ते त्यालाही माहीत होतं. बाया हसायच्या. शेजारच्या ओळीतली पिंजाऱ्याची बिस्मिल्लाबी मान वर न करता म्हणायची, "अगे, एक राई जितनी दे दे. उसकू चैन, तेरेकू चैन, हमारे कानों कू बी चैन."

"तुह्या कानात कापूस घाल. ओटीत हाये ना मस्त."

"पाटलाचा कापूस कानात घातला तं मुकादम कान कापून तोलेल," बिस्मिल्लाबी म्हणायची, आणि पुन्हा हशा व्हायचा. भांडण असं नव्हतं. पण जमुना मागे पडली की उरलेली ओळ तिच्या दोन्ही बाजूंच्या बायांनाच संपवावी लागे, आणि हसणं दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं.

दिवाळी होऊन गेल्यावर पाटील शेषराव अकोल्याहून एक बातमी घेऊन आले. जिल्हा कौन्सिल खेड्यापाड्यांत शिशुकल्याण केंद्रं काढणार होती. सुरुवातीला तालुक्यात एकच. तिथे शिकलेली नर्स राहील, बाळंतपणं करील, अशक्त मुलांना दूध मिळेल. आणि वेचणीच्या हंगामात मजुरणींची लहान मुलं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथे सांभाळली जातील. त्यासाठी पगारी बाई असेल. कौन्सिलची कमिटी चार गावं पाहणार होती आणि त्यांतलं एक निवडणार होती.

पाटलांनी हे चावडीवर सांगितलं. बाया खाली ओट्याला टेकून उभ्या होत्या. जमुनाने पदर सावरून विचारलं, "पाटील, तिथं पोरगं रडलं तं चालन का?"

सगळे हसले. पाटीलही हसले. "अवो, रडक्यायच्यासाठीच तं हाये ते."

दुसऱ्या दिवशी जमुनाने मुकादमाला गाठलं. "खुशालभाऊ, ते घर होयेपर्यंत सांभाळून घ्या. मंग हा तिथं राहीन."

खुशाल मुळात वाईट माणूस नव्हता. त्याने थोडा विचार केला. "कमिटी येऊन जाऊ दे. तोवर चालवतो. केंद्र आपल्या गावाले भेटलं तं भेटलं. नाई भेटलं, तं मंग रडकं पोरगं मह्या वावरात आनाचं नाई. एक तं त्याले निजवून आन, नाई तं घरी बस."

घरी बसणं शक्य नव्हतं. नवरा गोवर्धन आकोटच्या सरकी काढायच्या जिनात होता आणि जिन बंद झालं की रिकामा घरी यायचा. वेचणीवर सासू आणि सून दोघी गेल्या तरच घर चालायचं. म्हणजे सगळं त्या केंद्रावर येऊन ठेपलं.

पाटलांनी केंद्रासाठी आपला कापसाचा रिकामा कोठा देऊ केला. तो झाडून, सारवून, चुन्याने पांढरा केला. दारावर लावायला वडिलांच्या नावाची पाटीही रंगवून आणली. कमिटी यायच्या आदल्या दिवशी त्यांनी पुन्हा गाव जमवलं.

"उद्या दुपारपर्यंत वेचणी बंद. सगळ्या लेकुरवाळ्यायनं कोठ्यापाशी याचं. पोरं न्हाऊ घालून, काजळ घालून आना. मोठे लोक येऊन राहिले. एकही पोट्टं रडलं नाई पाहिजे. गावाची इज्जत हाये."

गोळीचं नावही त्यांनी घेतलं नाही. तशी गरजच नव्हती. पाहुणे आले की अंगण झाडायचं, फाटकी गोधडी आत ढकलायची आणि पोरं गप्प करायची, हे गावात कोणाला शिकवावं लागत नव्हतं. वेचणी बंद म्हणजे उद्या पोरं जागी राहणार, हे मात्र तानुबाईच्या लगेच ध्यानात आलं. ती संध्याकाळी घरोघर फिरली. ज्या बाया घरी असताना गोळी देत नसत त्यांनाही तिने दिली, आणि ज्या देत होत्या त्यांना थोडी मोठी दिली.

जमुनाच्या दारात ती आली तेव्हा पार्वताबाई चुलीपाशी होती.

"आमच्या घरी नको," जमुना म्हणाली.

"एका दिवसाची गोठ हाये वो."

"तानुमावशी, त्यायले रडतानी पाहू द्या ना. पोरं रडतात, बाया वावरात असतात, त्यायले कोनी पाहाले नाई, म्हनून तं ते घर देऊन राहिले. सगळेच निजून दिसले तं कायले देतीन?"

"आन् पावण्यापुढं घरातलं उघडं मांडू का? लय शहानी झाली तू." तानुबाई पार्वताबाईकडे वळली. "पार्वते, तुही सून गाव बुडवते पाहाय."

पार्वताबाई भाकरी थापटत राहिली. "मी काय सांगू बाई तिले. मह्यं आयकत असती तं अजून काय पाह्यजे होतं."

कमिटीतले डॉक्टर दुसऱ्या तालुक्यात कॉलऱ्याच्या बंदोबस्तावर गेले होते, म्हणून दोघंच आले. भगवंतराव हे पेन्शनर तहसीलदार होते आणि अन्नपूर्णाबाई सबनीस या अकोल्याच्या एका वकिलांच्या पत्नी. अन्नपूर्णाबाईंना या कामाची खरी तळमळ होती. अमरावतीच्या बालसप्ताहात सुदृढ मुलांच्या प्रदर्शनाला त्या परीक्षक होत्या. बैलांच्या दमणीत बसून खेडोपाडी जाणाऱ्या त्यांच्या वर्गातल्या बाया तेव्हा फार नव्हत्या. त्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी हिवरी हे गाव पाहून घेतलं होतं. बाया वावरात निघण्याआधीच त्या तिथे पोचल्या. चिपडलेल्या डोळ्यांची, नागवी, भुकेली पोरं एकाच वेळी रडत होती, आणि त्या गलक्यात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नव्हतं.

सावरखेडीत त्या दमणीतून उतरल्या आणि थबकल्या. कोठ्यापुढे बाया रांगेने बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर न्हाऊन, काजळ घालून निजलेलं मूल होतं. कोठ्याच्या पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या, त्यांचं खडखडणं तेवढं ऐकू येत होतं.

"किती शांत मुलं आहेत हो," त्या भगवंतरावांना म्हणाल्या.

"गावाला वळण दिसतंय," भगवंतराव म्हणाले. पाटील दोन पावलं मागे उभे होते. त्यांनी हात जोडले.

तेवढ्यात रांगेच्या टोकाला किसना रडायला लागला. रांगेतल्या सगळ्या बायांनी माना वळवल्या. अन्नपूर्णाबाई तडक त्याच्याकडे गेल्या आणि जमुनापुढे उकिडव्या बसल्या.

"याला काय होतंय? पोट दुखतंय का? दूध पुरतं ना तुमचं?"

"काई होत नाई, बाईसाहेब. भूक लागली त्याले."

"भूक लागेल तेव्हा पाजायचं नसतं. ठरलेल्या वेळी पाजायचं. मग मुलांना शिस्त लागते. या बाकीच्या बघा, कशी छान निजवलीत मुलं यांनी."

जमुनाने एकदा त्या रांगेकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "निजले नाईत ते, बाईसाहेब. गोळी देली त्यायले. अफूची."

पाटलांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं.

"काय म्हणते ही?" भगवंतरावांनी विचारलं.

"मह्यं पयलं पोरगं त्या गोळीनंच गेलं. रोज देतात वावरात जातानी. आज तुमी येनार म्हनून जास्त देली. इचारा त्यायले." ती बिस्मिल्लाबीकडे वळली. "बिस्मिल्ला, तू तं सांग व."

बिस्मिल्लाबीची मुलगी तिच्या मांडीवर मान टाकून पडली होती. बिस्मिल्लाबीने तिच्या तोंडावरची माशी हाकलली. "मेरी तो रोज ऐसीच सोती, बाई," ती म्हणाली.

यात खोटं काही नव्हतं.

मग पार्वताबाई उठली. अन्नपूर्णाबाईंच्या जवळ जाऊन ती हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तिचं मनावर घेऊ नका, बाईसाहेब. पयलं लेकरू गेल्यापासून तिचं डोस्कं जाग्यावर नाई. कोनाचंही पोरगं निजलं का तिले तसंच वाटते."

"आत्याबाई!" जमुना म्हणाली. पार्वताबाईने तिच्याकडे पाहिलं नाही.

अन्नपूर्णाबाईंनी तरीही खात्री करून घेतली. त्या रांगेतून फिरल्या आणि तिसऱ्या-चौथ्या बाईच्या मांडीवरच्या मुलाच्या गालाला बोट लावलं. मुलाने डोळे अर्धवट उघडले, त्यांच्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि पुन्हा मिटले. त्यांनी त्याचा हात उचलला. हात सैल होता. सोडल्यावर तो आपोआप खाली आला. सुखात वाढलेली मुलं अशी सैल झोपतात, असं त्यांनी प्रदर्शनात पाहिलं होतं.

परत येऊन त्यांनी जमुनाच्या खांद्यावर हात ठेवला. "पहिलं मूल गेल्याचं दुःख मला कळतं. माझाही एक गेला. पण त्यापायी दुसऱ्यांवर संशय घेऊ नये. आणि आईनं धीर सोडला की मूल जास्त रडतं, हे लक्षात ठेवा."

हे त्या मनापासून बोलल्या. किसना रडतच होता.

परतीच्या वाटेवर दमणीत निकाल ठरला. भगवंतरावांना सावरखेडीचा कोठा आवडला होता आणि पाटलांचं सौजन्यही. पण अन्नपूर्णाबाई ऐकेनात. "कोठा चांगला आहे म्हणून केंद्र द्यायचं का? मुलांकडे बघा. हिवरीतली पोरं पाहिलीत ना सकाळी? गरज तिथे आहे. इथल्या आयांना आपण काय शिकवणार?" भगवंतरावांनी थोडा विचार केला आणि ते न्यायाला धरून आहे असं कबूल केलं. केंद्र हिवरीला गेलं. हिवरी सावरखेडीपासून सहा कोसांवर होतं. वेचणीला निघालेली बाई पोराला तिथे सोडून येईपर्यंत दिवस मावळला असता.

पाटील अकोल्याला जाऊन ही बातमी घेऊन आले. आधी त्यांचं तोंड उतरलेलं होतं. पण चावडीवर सांगता सांगता त्यांचा आवाज चढत गेला. "केंद्र नाई भेटलं. पन कावून नाई भेटलं ते आयका. कमिटीनं मले तोंडावर सांगतलं, तुमच्या गावचे पोरं तालुक्यात पहिल्या नंबरचे हायेत. सावरखेडीले केंद्राची गरजच नाई!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कोणीतरी म्हणालं, "म्हंजे आपन जितलो न मंग." पाटलांनी घरून गूळ मागवला आणि पोरासोरांना वाटला. तानुबाईला त्यांनी मोठा खडा दिला. वडिलांच्या नावाची पाटी कोठ्यावर तशीच लावली आणि आत पुन्हा कापूस भरला.

गूळ घेऊन परतताना बिस्मिल्लाबीने जमुनाला गाठलं. "गुस्सा हाये मेरे पे?"

"नाई."

"सच बोली ना मैं. रोज सोतीच है ना वो."

"व्हय. सच बोलली."

बिस्मिल्लाबी थोडा वेळ तिच्या बरोबर चालली आणि मग आपल्या गल्लीला वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशाल मुकादम वावराच्या तोंडाशी उभा होता. जमुनाच्या कडेवर किसना होता आणि तो जागा होता. खुशालने फक्त काठी आडवी धरली. पार्वताबाई काठीखालून वाकून पुढे गेली आणि आपल्या ओळीला लागली. जमुना तिथेच थोडा वेळ उभी राहिली. मग ती गावाकडे परतली.

तानुबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. जमुनाला पाहून तिने सूप खाली ठेवलं. टोमणा मारायची संधी सोडून ती उठली. आत जाऊन तिने डबी आणली.

"लहान दे," जमुना म्हणाली. "सगळ्यायहून लहान."

"पयल्या दिवशी लहानच देतात, बाई. मंग ते पुरत नाई."

जमुनाने गोळी दुधात उगाळून बोटाने किसनाच्या तोंडात घातली. त्याने तोंड वाकडं केलं, मग बोट चोखलं. वावराच्या वाटेवर तिच्या खांद्यावर त्याचं डोकं हळूहळू जड झालं. खुशालने काठी बाजूला घेतली.

सकाळभर ती पुन्हा पुन्हा धुऱ्याकडे जाऊन आली. झोळीत वाकून त्याच्या नाकापुढे हात धरायची, श्वास लागला की परत यायची. "आता काय पाहाले जाते व? आता तं रडतही नाई तो!" खुशाल बांधावरून ओरडला. दुपारनंतर तिचं जाणं कमी झालं. ऊन कललं तेव्हा ती बिस्मिल्लाबीच्या बरोबरीने, एकाच ओळीत, दोन्ही हातांनी वेचत होती. पार्वताबाईने मागे वळून सुनेची ओळ पाहिली आणि समाधानाने मान हलवली.