ठकुबाईचं स्वस्तातलं भिंग

आनंदरावांच्या कॅमेऱ्याचं भिंग जर्मनीचं आणि ठकुबाईचं जुन्या बाजारातलं, हे पंचावन्न साली भोरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ज्यांनी जन्मात कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, तेसुद्धा चहा पिता पिता जर्मन काचेचे गोडवे गात. आता बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

ठकुबाईचा नवरा फोटोग्राफर. तो गेल्यापासून दोन वर्षं दुकान तीच चालवत होती. कामात ती कुणाला हार जाणारी नव्हती, पण भिंगात खोट होती. मधला माणूस लख्ख यायचा आणि कडेचे धुरकट. गेल्या साली शाळेच्या अकरावीच्या फोटोत टोकाच्या पोरांना त्यांच्या आयांनीही ओळखलं नाही. औंदा तसंच झालं तर काम आनंदरावांना, असं हेडमास्तर सावळारामांनी स्वच्छ सांगून टाकलं. शाळा ज्याच्याकडे, गाव त्याच्याकडे. म्हणजे दुकानाला कुलूपच.

शिवरे गावी शेती करणारा दीर मानसिंग तर वाटच बघत होता. "वयनी, कॅमेरा इकून टाकू. शिवऱ्याला या, रानात तुमचा हात लागंल."

"रानाला हात लई हायती, भावजी. ह्या दुकानाला माझाच हाय."

त्या माघात मानसिंगच्या रानात वेल्ह्याकडच्या धनगरांची मेंढरं बसली होती. मेंढरांनी रानाला खत द्यायचं आणि शेतकऱ्यानं धनगरांना धान्य, अशी तिकडची रीत. ठकुबाई ज्वारी द्यायला गेली, तर म्हातारी धोंडाबाई मूठ वळून डोळ्याला लावून पलीकडचं टेकाड न्याहाळत होती.

"काय बघताय, आजी?"

"काळी मेंढी लंगडतीया. माझी नजर गेली बाई, उघड्या डोळ्यानं समदं पिंजल्यावानी दिसतं. पर मुठीत बारीक भोक ठिवलं की साफ दिसतं. बघ की तू."

ठकुबाईला चाळिशी लागलेली, सुईत दोरा ओवता येत नव्हता. तिनं मुठीतून लुगड्याचा काठ पाहिला आणि धागा न् धागा दिसला. उजेड मात्र कमी झाला. डोळ्याला चालतं ते काचेला का चालू नये? हा विचार डोक्यात शिरला आणि मग तिला काही सुचेना.

भोरात येऊन तिनं म्हादू पत्रेवाल्याकडून एक चकती करून घेतली, मध्ये हरभऱ्याएवढं भोक. ती भिंगासमोर बसवून समोरच्या भिंतीचे फोटो काढले. कडेची वीटसुद्धा स्पष्ट आली. पण उजेड इतका अडला, की जिथं झाकण काढून एक मोजायचं तिथं आठ मोजावे लागले.

फोटोच्या दिवशी आनंदराव मुद्दाम बघायला आले. "बाई, आठ मोजेस्तवर साठ पोरं हलायची राहतील होय? माझं भिंग पापणी लवायच्या आत काम करतं."

"तुमचं भिंग चांगलंच हाय," ठकुबाई म्हणाली. "हलणाऱ्या माणसाला तेच पायजे. मी पोरं हलू देणार न्हाई."

तिनं पोरांना बजावलं, "श्वास धरा. जो हलंल, त्याचं तोंड त्याच्या आईला दिसायचं न्हाई." मग पदर खोचला, झाकण काढलं आणि मोठ्यानं आठ मोजले.

लाल दिव्याखाली तिनं फोटोची काच धुतली. टोकाच्या पोराच्या सदऱ्याचं ठिगळसुद्धा दिसत होतं. साठच्या साठ पोरं स्पष्ट. आणि बरोब्बर मध्ये, खुर्चीवर, हेडमास्तरांना दोन नाकं. गृहस्थांनी पोरं हलतात का ते बघायला मधेच मान वळवली होती.

दुकानात आलेल्या मानसिंगनं फोटो बघून कपाळावर हात मारला. "भिंग बिघडलं म्हणा आन माफी मागा. थोरामोठ्यांची चूक त्यांच्या तोंडावर काढू नये."

"काम गेलं तर जाऊ दे. पर खोटं सांगून न्हाई घालवायचं."

दुसऱ्या दिवशी तिनं फोटो शिक्षकांच्या खोलीत टेबलावर ठेवला. एकजण हसला, "शेवटी स्वस्तातलं ते स्वस्तातलंच." ठकुबाईचं पित्त खवळलं, पण हेडमास्तरांकडे वळून बोलताना तिनं आवाज चढू दिला नाही.

"भिंग हललं न्हाई, सर. तुमी हललात. साठ पोरं दगडावानी हुबी व्हती, आन तुमी त्यांची राखण कराया मान वळवलीत."

हेडमास्तरांनी चष्मा पुसला, फोटो उचलला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक चेहरा पाहिला. पाहता पाहता त्यांचे कान लाल झाले.

"पोरांवर माझा भरवसा नव्हता," ते हळूच म्हणाले. "उद्या परत काढा. काम तुमचंच. मी आपला कडेला उभा राहतो."

"न्हाई सर," ठकुबाई म्हणाली, "तुमी मधीच बसा. आन श्वास धरा."