दोराचं दुसरं टोक

"ताण सोडू नोको, कौसे. तू टोक सोडलं का मी पडलो."

बापाचा आवाज कानाशी आला आणि सरपण ओढता ओढता कौसल्येचा हात जागीच थांबला. बाप जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती. अंबाडीचा दोर वळायला तो अंगणाच्या एका कडेला बसायचा, आणि परकरातली कौसल्या दुसरं टोक धरून एकेक पाऊल मागे सरायची. दोर लांबत जायचा, तसा बाप अर्ध्या गळ्यात गायचा:

बाप वळतो वं दोर, पीळ घालतो जपून
लेक जाते मांघं मांघं, टोक हातात धरून

आता पडवीत, काटक्यांच्या मागे, तिच्या बोटांना तोच खरबरीतपणा लागला होता. तिने पोत्याचं तोंड उघडलं. आत अंबाडीचा नवाकोरा दोर होता, नीट गुंडाळी केलेला. त्याला अजून दुकानाचा वास येत होता.

घरी बैल नव्हता, गाय नव्हती. शेळी होती ती उन्हाळ्यात विकली. पाणी नळाचं. मग हा दोर कशाला?

त्या सालात हा प्रश्न घाटंजीकडच्या कुठल्याही बाईला साधा राहिला नव्हता. कापसाच्या खरेदी केंद्राला कुलूप होतं आणि पेपरात रोज एखाद्या ओळखीच्या गावातला शेतकरी गेल्याची बातमी येत होती. नळावर हंडे भरताना बाया हळू आवाजात एकमेकींना सांगायच्या, फवारणीचा डबा कुठे लपवला, न्हाणीची आतली कडी कशी उपटून टाकली. गल्लीतल्या विमलताईचा मालक मागच्या पोळ्यानंतर असाच गेला होता. कौसल्येचा नवरा देवराव काही शेतकरी नव्हता. जिनिंगात रुईच्या गठाणी बांधण्यात त्याची उमर गेलेली. पण कापूस येईना तसं जिनिंग बंद पडलं, देवरावचे हात रिकामे झाले, आणि हात रिकामे झाले तसं त्याचं तोंडही मिटलं. हल्ली तो सकाळीच घर सोडायचा. काम पाह्यतो म्हणायचा. दिवेलागणीला परत यायचा, तेव्हा काम मिळालं की नाही, हे सांगत नव्हता.

कौसल्येने इकडेतिकडे पाहिलं, दोर पदराखाली घेतला आणि परसातल्या तुराट्यांच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून खुपसून टाकला.

देवरावने दोराची चौकशी केली नाही. तिला तेच जास्त लागलं. बिडीबंडल सापडलं नाही तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस. संध्याकाळी तो पडवीत गेला, सरपणामागे वाकून पाहिलं, मग चुलीशी बसलेल्या बायकोकडे पाहिलं, आणि पाय धुवायला गेला.

त्यानंतर तिने घरातला एकेक दोर हलवला. लेक मोनालीच्या पाळण्याची जपून ठेवलेली दोरी, गादीला बांधायची सुतळी, शेवटी अंगणातली कपडे वाळवायची दोरीसुद्धा. ओले कपडे कुंपणाच्या काट्यांवर पडू लागले.

"आई, माह्या शाळेच्या ड्रेसले काटे लागून राह्यले," मोनाली कुरकुरली. "दोरी कोठी गेली?"

"उंदरानं खाल्ली."

"नायलॉनची? मोठाच उंदीर हाय मंग आपल्या घरी."

देवराव भाकर खात होता. त्याचा घास तोंडाशी थांबला. पोरीच्या बोलण्यावर त्याने हसायला पाहिजे होतं. तो हसला नाही. त्याने फक्त दाराजवळच्या खुंटीकडे पाहिलं, जिथे काल-परवापर्यंत दोरी होती. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली मुलीचं दप्तर लटकायचं, त्याचा पट्टाही कौसल्येने काढून ठेवला होता. तेही त्याच्या नजरेतून सुटलं नसावं.

मग एका सकाळी तिने ते पाहिलं.

उजाडून बराच वेळ झाला होता. चहा उकळला तरी देवराव आला नाही, म्हणून ती परसात गेली. बाभळीच्या खाली तो पाठमोरा उभा होता. हाताशी येणाऱ्या फांदीला दोर बांधलेला. पांढरा. देवराव त्याला एकेक गाठ मारत होता, गाठीला खालून ओढून पाहत होता. मग मागे सरून, मान तिरपी करून दोराकडे बघत होता, जसं कुणी आपल्या हातचं काम बघतं.

कौसल्येचा आवाज भलताच साधा निघाला.

"अवो, चहा झाला."

देवराव दचकला. दोर फांदीवरून ओढून त्याने झटकन थैलीत कोंबला.

"काय करून राह्यले?"

"काही नाही. हात मोकळे करून राह्यलो."

चहा पिताना तिने त्याचे हात पाहिले. तळव्यांवर लाल वळ उठले होते.

विमलताईला तिने नळावर गाठलं. सगळं सांगायचं म्हणून गेली आणि अर्धंच सांगितलं. विमलताईला मात्र अर्ध्यातच पुरं समजलं. हंडा तसाच भरून वाहू दिला तिने.

"इचारलं काय त्यायले?"

"नाही."

"काहून?"

कौसल्येला वाटत होतं, आपल्या तोंडून तो शब्द बाहेर पडला की तो घरात येऊन बसेल, आणि मग त्याला हाकलता यायचं नाही.

"म्याबी नव्हतं इचारलं," विमलताई म्हणाली. तिने हंडा उचलला, कडेवर घेतला. जाताना मागे न पाहता म्हणाली, "त्यायले एकटं सोडू नोको, बाई."

दुसऱ्या दिवशी कौसल्या कापूस वेचणीला गेली नाही. देवराव थैली खांद्याला लावून निघाला, तशी ती अंतर ठेवून मागे निघाली. धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून, कापसाच्या पऱ्हाटीच्या आडून. फाट्यावर तो ऑटोत बसला. तिला पुढचा ऑटो लगेच मिळाला नाही, आणि तेवढ्या वेळात तिने रस्त्याकडेचं एकेक झाड डोळ्यांनी चाचपून घेतलं. पुढच्या ऑटोवाल्याला तिने तांबड्या शर्टातला, पांढरी थैली घेतलेला माणूस विचारला. तो कंपनीच्या वळणावर उतरत असतो रोज, असं ऑटोवाला म्हणाला.

कंपनी म्हणजे कपडे शिवायची. लांब पत्र्याची शेड, बाहेर लोखंडी फाटक. फाटकावरचा देवीलाल खुर्चीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता.

"कोन पाह्यजे, बाई?"

"देवराव. जिनिंगातला."

"फ्राकवाला देवराव?" देवीलाल मनापासून हसला. "तुमी त्याची मंडळी काय? डबा विसरला वाटते."

"हाव."

त्याने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "मंग डबा कोठी हाय?"

"घरीच राह्यला. तेच सांगाले आली."

देवीलालने शेंगेचं फोलपट उडवलं, तिच्या चेहऱ्याकडे जरा नीट पाहिलं, आणि पुढचं काही न विचारता फाटक ढकललं.

शेडच्या मागे एक मोठा ट्रक उभा होता. त्याच्यावर घराएवढी लांब लोखंडी पेटी, मागची दारं सताड उघडी. बाहेर ऊन रखरखत होतं, म्हणून पेटीच्या आतला अंधार आणखीच दाट वाटत होता. कौसल्या फळीवरून चढून दाराशी आली आणि तिचं पाऊल उचलेना.

आत ओळीने लटकत होतं काहीतरी. उंच, गर्द, गप्प. जमिनीपासून वीतभर वर सगळं, आणि वाऱ्याची झुळूक शिरली तसं सारं एकदम जरासं हललं.

तिने दाराची कड घट्ट धरली. डोळे अंधाराला सरावले. तिला आधी बाह्या दिसल्या, रिकाम्या. मग प्लास्टिकची पिशवी चकाकली, मग हँगरचा आकडा. फ्रॉक होते ते. निळे, पायघोळ, बायकांचे फ्रॉक. ओळीमागे ओळ, पार आतल्या भिंतीपर्यंत.

आणि त्यांच्या मध्ये, स्टुलावर उभा राहून, देवराव छतालगतच्या नळीला पांढरा दोर बांधत होता.

"अवो."

तो वळला. त्याच्या एका हातात दोर, दुसऱ्या हातावर निळा फ्रॉक. तो कुठे लपवावा हे न समजून त्याने छातीशी धरला.

"तू?"

"हाव. मी."

देवराव स्टुलावरून उतरला आणि चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा एकदम बोलू लागला. इतक्या महिन्यांत तो एवढं बोलला नव्हता. हे कपडे घडी करून पाठवत नाहीत, म्हणाला. घडी पडली की तिकडचा गिऱ्हाईक घेत नाही. म्हणून शिवून, इस्त्री करून असेच टांगायचे, पेटीला कुलूप लावायचं, आणि ही पेटी नागपूरवरून रेल्वेने मुंबईला, तिथून जहाजात. समुद्रात जहाज डोलतं, पण फ्रॉकाला सुरकुती पडली नाही पाहिजे. एका दोराला वीत वीत सोडून गाठी, प्रत्येक गाठीवर एक आकडा. गाठ सरकली तर वरचा फ्रॉक खालच्यावर येतो आणि सगळी ओळ ढासळते. म्हणून गाठी पक्क्या पाहिजेत, आणि सारख्या पाहिजेत. पहिल्या पहिल्यांदा त्याच्या गाठी वाकड्या पडायच्या. गठाण आवळायचा हात तो, फ्रॉकाचा कसा असेल? म्हणून घरी बाभळीला बांधून सवय केली.

"सांगतलं काहून नाही?" ती म्हणाली.

"मांघं राजूरले कोळशाच्या खाणीवर लागलो, तं गावभर सांगून गेलतो. हप्त्यात वापस आलो. लोकं अजून दात काढते." त्याने फ्रॉक आकड्याला अडकवला आणि खालची झालर दोन बोटांनी सरळ केली. "अन् सांगू काय? बायकायचे फ्राक टांगतो म्हणून? क्विंटलाची गठाण उचलत होतो मी."

कौसल्येला हसू आलं. पहिल्यांदा थोडंसं, मग आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसत राहिली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. तिला पाहून देवरावही हसला.

"लागलो कसा, ते तं आयक," तो रंगात येऊन म्हणाला. "फाट्यावर पुलाच्या कठड्यावर बसलो होतो. ठेकेदाराची गाडी थांबली. म्हणे, काकाजी, हातात दोर हाय, गाठी मारता येते काय? म्या म्हटलं, बाप्पा, गाठी मारण्यात तं जन्म गेला. म्हणे, बसा मांघं. तसाच दोर घेऊन बसलो गाडीत."

कौसल्येचा हात जवळच्या एका दोरावर होता. सवयीने तिने तो ओढून पाहिला, बाप ओढून पाहायचा तसा. गाठ पक्की होती. दोर गुळगुळीत होता, पांढरा. पुढचाही पांढरा. नळीनळीला लटकलेले सगळे दोर पांढरे होते, अंबाडीचा एकही नव्हता.

तिचं हसणं थांबलं. देवराव अजून हसत होता. मग त्यालाही आपण काय बोलून गेलो ते कळलं असावं, कारण तो स्टूल सरकवू लागला, जिथे सरकवायची काही गरज नव्हती.

"तू इकडं कशी आली पण?" तो स्टुलाकडे पाहत म्हणाला.

"बाजाराले चालली होती."

"बाजार तं काल झाला."

"तेच तं. इथं आल्यावर आठवलं."

त्याने मान हलवली. दोघांनीही एकमेकांचं खोटं तसंच राहू दिलं.

तिला ऑटोत बसवून देताना तो म्हणाला, संध्याकाळी लवकर येतो, ठेकेदार कायम ठेवतो म्हणाला आहे. तिने बरं म्हटलं. सगळ्या वाटेने ती दोन्ही बाजूंच्या वावरांकडे बघत गेली. पऱ्हाटीला कापूस फुटला होता आणि वेचायला फार कुणी नव्हतं.

देवराव उन्हं असतानाच आला. थैलीतून त्याने पांढऱ्या दोराचे उरलेले तुकडे काढले, एकाला एक जोडले आणि दाराजवळच्या खुंटीपाशी उभा राहिला.

"उंदरानं खाल्लेली दोरी लावून देतो. धर जरा."

कौसल्येने दुसरं टोक घेतलं आणि एकेक पाऊल मागे सरत अंगणाच्या कडेला, लिंबाच्या बुंध्याशी गेली. घरात मोनाली मोठ्याने धडा वाचत होती. दोर वर उचलला गेला, सरळ झाला, दोघांमध्ये ताणला गेला.

"ताण धरून ठेव," तो म्हणाला.

तिने धरला. देवरावने खुंटीला गाठ मारली, तीवर आणखी एक मारली. काम झालं होतं, पण त्याचे हात गाठीवरून निघाले नाहीत. तो पाठमोराच उभा राहिला.

"तुराट्यात खुपसला तू तो अंबाडीचा दोर. म्या पाह्यला."

तिने टोकाचा एक वेढा हाताला घेतला.

"जाळून टाक. मले फेकवतबी नव्हता अन् ठेववतबी नव्हता."

आत मोनाली एका ओळीवर अडखळली, तीच ओळ तिने पुन्हा वाचली. एवढे दिवस कौसल्येने जो प्रश्न जिभेखाली दाबून ठेवला होता, तो आता तिने विचारला. हळू, चहा झाला म्हणून सांगितलं होतं त्याच आवाजात.

"कायले आणलता?"

देवराव वळला. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर ताठ होता. कौसल्येने दोन्ही मुठी आवळल्या आणि ताण सोडला नाही.

"माह्यासाठी," तो म्हणाला. "माह्यासाठी आणलता, कौसल्ये."