साठ पावलं

होकायंत्राची सुई थरथरत होती, थांबत नव्हती, आणि धम्मरत्नने मान वर न करता उकंड्याला सांगितलं, "विळा घेऊन जवळ उभा राहू नको. लोखंडाकडं ओढली जाते ती."

"मी सरकतो काका, पन तुमी काहून जीव जाळून राह्यले? तीन खड्डे झाले. कुठंबी ठेवा न काकूले. उद्या नांगरटीले ट्रॅक्टर येऊन राह्यला."

कुठंबी नाही. सत्यशीलेनं शेवटच्या आठवड्यात एकच मागितलं होतं – माझ्या अस्थी बाळापाशी ठेवा. चौऱ्याहत्तर साली इथंच, बोरी अरब गावच्या या शेतात, चार दिवसांचं लेकरू पुरलं, वर तीन चपटे दगड ठेवून माती ओढली. खूण नको म्हणाले घरचे. म्हणून जहाजावरून सुटीवर आलेल्या त्यानं विहिरीच्या पायरीवरून होकायंत्र धरलं आणि वहीत लिहिलं : एकशे सत्तावीस अंश, साठ पावलं. विहीर तीच, पायरी तीच. बत्तीस वर्षांनी दगड मात्र नाहीत.

सुईचा दोष असेल... सुकाणूवर उभं राहून तीस वर्षं हेच तर ऐकलं – चुंबकाची उत्तर जागेवर राहत नाही, नकाशावर वर्ष लिहिलेलं असतं आणि दरसालचा फरक, तो मिळवला नाही तर जहाज खडकावर. मग मिळवला. वर्षाला एक मिनिट धरा, बत्तीस मिनिटं, अर्धा अंश. साठ पावलांवर हातभरसुद्धा नाही. हातभर त्यानं दोन्ही बाजूंना खणलं होतं. त्याला त्या सुईवर चिडायचं होतं आणि ती चिडूही देत नव्हती!

त्यानं कुदळ फेकली. पऱ्हाटीच्या वाळक्या बोंडांनी पोटऱ्या ओरबाडल्या होत्या. पुन्हा पायरीवर येऊन त्यानं होकायंत्र डोळ्यांसमोर धरलं, तसंच, तेव्हा धरलं होतं तसं – डावीकडं, थोडं डावीकडं, हां, आता सरळ... कुणाला म्हणालो होतो मी हे?

तो सुईवरच डोळा लावून होता. चालत सत्यशीला गेली होती. मोजत होती ती.

चार दिवसांची बाळंतीण, त्याच्या खांद्याला लागणारी, रिकामे हात पोटाशी धरून.

"काय झालं काका?"

"पावलं काकूची होती."

अस्थींचं मडकं उचलून तो निघाला. एक. फारच लांब. मागे आला. एक... यापेक्षाही लहान असेल? सुट्या संपेपर्यंत घरी, मग अकरा महिने पाणी. गावात चालताना तो पुढं, ती मागं. बंदराबंदरातला सुईचा फरक त्याला अजून पाठ होता. तिचं पाऊल केवढं होतं, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

एक, तो म्हणाला, आणि पाय कुठं टेकवावा ते न कळून उभा राहिला.